बांधावरची फेरी

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा मृगाचा पाऊस माळव्यात उतरला असेल, निदान उतरण्याच्या बेतात असेल. या दिवसांत घरोघरी गच्चीच्या भेगा बुजविणे, पन्हळी साफ करणे, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधणे अशी कामे चाललेली असतात. या कामांच्या यादीत आणखी एका कामाची भर घालावी, अशी विनंती करण्यासाठी आजचे हे लेखन आहे. ज्यांच्या मालकीचे, वाट्याचे किंवा शेजारचे एखादे मातीच्या बांधाचे तळे असेल, त्यांनी पाऊस मुरण्यापूर्वी त्या बांधावरून एक सावकाश फेरी मारून यावी.

आपल्या वाचकांपैकी तळ्याचे धनी असे कितीसे असणार, ही शंका साहजिक आहे. परंतु आमच्या अनुभवाप्रमाणे ही संख्या वाटते तितकी लहान नाही. होळकर, शिंदे व पवार यांच्या दरबारांतून आपल्याकडील कित्येक घराण्यांना जमिनी मिळाल्या. जमिनीत नाला होता, नाल्याला आडवा बांध घातला गेला, बांधामागे तळे झाले. पुढे जमिनीच्या वाटण्या झाल्या. पण बांधाचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून खसऱ्यात तो पाच-सात नावांनी सामाईक राहिला. नावे कागदावर राहिली आणि माणसे इंदूर, पुणे, वडोदरा अशी पांगली. शिवाय गेल्या वीस वर्षांत नवी खाजगी तळीही पुष्कळ झाली आहेत. देवास जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी आपापल्या रानात हजारो तळी केली. ‘रेवासागर’ या नावाने ती ओळखली जातात. त्यांतील बहुतेक खणलेली असली, तरी जेथे उकरलेल्या मातीचा बांध करून जमिनीच्या पातळीहून वर पाणी तोलून धरले आहे, तेथे ते लहानसे धरणच झाले. धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दारे, भिंती व वसाहती असलेले सरकारी बांधकाम येते. शेताच्या टोकाला असलेल्या गवताळ उंचवट्याला आपण धरण म्हणत नाही. त्या उंचवट्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

आम्ही ज्या शाळेचे मुख्याध्यापक आहोत ती शाळा महूच्या पुढे, घाट उतरण्यापूर्वी, मुंबईच्या रस्त्यापासून थोड्या आतल्या गावी आहे. शाळेच्या अर्धा मैल वर नाल्यावर एक जुना बांध आहे. उंची सुमारे २० फूट, लांबी ४०० फूट, आणि भरल्यावर पाण्याचा पसारा सात एकरांचा. बांध एका मराठी कुटुंबाच्या खाजगी मालकीचा असून त्या कुटुंबापैकी एकच गृहस्थ आज गावात नांदतात. गाव त्यांना नाना म्हणते, आम्हीही तेच म्हणतो. त्यांच्या पणजोबांनी तो बांधला. आत काळ्या मातीचा गाभा, वर मुरुमाचे अंग, पाण्याच्या बाजूस दगडांची फरसबंदी, कडेला कठीण जमिनीत खोदलेला सांडवा आणि शेताला पाणी सोडण्यासाठी एक मोरी, अशी त्याची जुन्या पद्धतीची रचना आहे. खाली नाल्याकाठी तीस-बत्तीस घरे आणि आमची शाळा.

या बांधाच्या पायथ्याशी एक झरा होता. बारा महिने करंगळीएवढी धार वाहायची व पाणी काचेसारखे स्वच्छ. बायका तेथून पिण्याचे पाणी भरीत आणि नागपंचमीला दगडावर हळदकुंकू वाहात. झऱ्याच्या डोक्यावर एक थोराड चिंच होती. आम्ही मुलांना वनभोजनास तेथेच नेत असू आणि झऱ्याला गावाचे भाग्य म्हणत असू. तो झरा म्हणजे तळ्याच्याच पाण्याचा बांधाखालून येणारा पाझर आहे, हे आम्हांला तेव्हा सुचलेही नाही.

येथे थोडे थांबून मातीच्या बांधाचा स्वभाव सांगितला पाहिजे. मातीचा बांध पाणी पूर्णपणे कधीच अडवीत नाही. पाणी त्याच्या अंगातून व पायाखालून अतिशय मंद गतीने झिरपतच असते. गाभ्यात घट्ट चिकणमाती घालतात ती या झिरपण्याला उशीर लावण्यासाठी. पाणी हळू आले आणि येताना मातीचा कण बरोबर न घेता आले, तर बांध शंभर वर्षे उभा राहतो. त्याच पाण्याला कोठे मोकळी वाट मिळाली, त्याचा वेग वाढला आणि ते कण वाहून आणू लागले, की पायथ्यापासून आतल्या बाजूस हळूहळू एक नळी कोरली जाऊ लागते. नळी जितकी आत जाते तितकी पाण्याची वाट आखूड होते, वाट आखूड झाली की वेग आणखी वाढतो. बाहेरून बांध धडधाकट दिसत असतो. नळी तळ्याला जाऊन भिडली की मग तासांचा प्रश्न उरतो. म्हणून जाणकार माणूस पाझर पाहून घाबरत नाही. पाझराचा रंग पाहून घाबरतो.

आमच्या नानांच्या बांधावर हा रंग बदलला तो दिवस आम्हांला विसरता येणार नाही. २०२२ सालची राखीपौर्णिमा ११ ऑगस्टला होती. त्याच दिवशी धार जिल्ह्यात कोठीदा गावाजवळ कारम नदीवरील बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणातून गळती सुरू झाल्याची बातमी आली. अठरा गावे रिकामी करण्यात आली, सैन्य बोलावले गेले, घाटाखाली मुंबईच्या रस्त्यावरील वाहतूक थांबविण्यात आली. यंत्रांनी बाजूने चर खोदून, रविवारी १४ तारखेला त्या चरातून पाणी काढून देण्यात आले आणि मनुष्यहानी टळली. ते चार दिवस आमच्या गावात दुसरा विषय नव्हता. जो तो कारमविषयी बोलत होता. अर्ध्या मैलावरील आपल्या बांधाचा विचार मात्र कोणाच्या मनात आला नाही, आमच्याही नाही.

त्या रविवारी आम्ही शाळेत होतो. दुसरे दिवशी स्वातंत्र्याचा पंचाहत्तरावा वर्धापनदिन, म्हणून मुले कवायतीसाठी आली होती. पाचवीतली एक मुलगी आमच्याजवळ येऊन म्हणाली, “सर, आज झऱ्याचे पाणी चहासारखे आले. आईने ओतून दिले.” आम्ही म्हणालो, पावसाचे पाणी मिसळले असेल. ती म्हणाली, “पाऊस तर परवापासून नाही.” हे उत्तर ऐकल्यावर आम्ही कवायत सहशिक्षकांवर सोपवून बांधाकडे निघालो. खरे सांगावयाचे तर त्या मुलीच्या उत्तरातील तर्क आम्हांला बोचला होता, म्हणून निघालो. संकटाची जाणीव होती असे म्हणणे खोटे होईल.

झऱ्याची करंगळीएवढी धार मनगटाएवढी झाली होती. पाणी गढूळ होते आणि मुखाभोवती बारीक मातीचे एक वर्तुळाकार आळे साचले होते. आमचे एक जुने विद्यार्थी पाटबंधारे खात्यात उपयंत्री आहेत. त्यांना आम्ही तेथूनच दूरध्वनी लावला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पाणी कधीपासून गढूळ आहे? धार वाढते आहे काय? सांडवा मोकळा आहे काय? पहिल्या दोहोंची उत्तरे आमच्यापाशी होती, तिसऱ्याचे नव्हते. सांडव्याकडे जाऊन पाहतो तो दगड-मातीची दोन फूट उंचीची भिंत व तिच्यावर मासे जाऊ नयेत म्हणून बांधलेली जाळी! तळे मासेमारीसाठी ठेक्याने दिलेले होते. ठेकेदाराने दोन फूट जास्त पाणी धरून ठेवले होते. नानांना ते ठाऊक होते. दोन फुटांनी काय होते, असे त्यांना वाटले होते.

उपयंत्री रजेवर होते, तरी तासाभरात मोटारसायकलीवरून येऊन पोहोचले. तोपर्यंत गावची मंडळी जमली होती आणि पोत्यांत चिकणमाती भरून झऱ्याचे तोंड बुजविण्याची तयारी चालली होती. त्यांनी ते काम आधी थांबविले. तोंड बुजविले तर आत कोंडलेले पाणी दुसरीकडे वाट काढील, आणि ती वाट आपल्याला दिसेलच असे नाही, असे त्यांनी सांगितले. करावयाचे ते उलट होते. पाण्याला बाहेर येऊ द्यावयाचे, पण मातीला आतच अडवावयाचे. त्यासाठी मुखावर आधी वाळूचा थर, त्यावर गिट्टीचा, त्यावर मोठे दगड आणि भोवती पोत्यांचे कडे. वाळू मातीच्या कणांना धरून ठेवते, गिट्टी वाळूला आणि दगड गिट्टीला. आमच्या शाळेच्या आवारात नव्या खोलीसाठी वाळू व गिट्टी येऊन पडली होती. ती वापरण्याची परवानगी कोणास विचारावी, हे ठरविण्याइतका वेळ नव्हता. पुढे त्या वाळूचा हिशेब आम्हांला लेखी द्यावा लागला, तो आम्ही दिला.

दुसरे काम पाणी उतरविण्याचे. सांडव्यातील भिंत एकदम न फोडता वरून एकेक दगड काढून उतरविली, म्हणजे खालच्या घरांवर लोंढा जाऊ नये. मोरी गंजून अडकलेली होती, ती उघडेना. तेव्हा शेतकऱ्यांनी आपापले डिझेलचे पंप आणून बांधावर लावले. रात्रीपर्यंत अकरा पंप झाले. खालची घरे सायंकाळीच रिकामी करून मंडळींना मारुतीच्या देवळात व टेकडीवरच्या घरांत हलविले. नाना त्या रात्री बांधावर बसून होते. कोणी त्यांना एका शब्दाने बोलले नाही. पहाटे चारच्या सुमारास झऱ्याचे पाणी निवळू लागले. १५ ऑगस्टचे झेंडावंदन आम्ही देवळाच्या पटांगणात केले. चार दिवसांत पाणी साडेचार फूट उतरले आणि मग शाळा पुन्हा शाळेच्या जागी भरली.

असे का झाले, याचे उत्तर आठ महिन्यांनी मिळाले. एप्रिलमध्ये तळे तळाला गेल्यावर उपयंत्र्यांच्या देखरेखीखाली झऱ्याच्या वरचा भाग पायऱ्यापायऱ्यांनी खोदण्यात आला. तेथे चिंचेचा बुंधा निघाला. त्याची एक मुळी बांधाच्या गाभ्याच्या दिशेने गेली होती. ती संपूर्ण कुजून तिच्या जागी नुसते पोकळ भुयार उरले होते. आमचा हात खांद्यापर्यंत त्यात गेला, आणि पुढे खोदून पाहता ते बारा फूट लांब भरले. नेहमीच्या पातळीला त्या पोकळीने फारसे बिघडले नव्हते. पण सांडवा अडवून पाणी दोन फूट वर चढविल्यावर दाब वाढला, आणि पाण्याला ती तयार वाट सापडली. दोन चुका स्वतंत्रपणे झाल्या होत्या, त्या त्या वर्षी एकत्र आल्या.

पहिल्या चुकीत आमचा वाटा आहे, तो येथे कबूल केला पाहिजे. बांधावर मोठे झाड असू नये, असे आम्ही कोठेतरी वाचले होते. वाचले होते ते बरोबरच होते. वादळात झाड उन्मळले तर बांधाचा लचका तोडून नेते आणि मुळ्या बांध पोखरतात. २०१३ साली आम्हीच नानांना ती चिंच काढण्याचा सल्ला दिला. त्यांनी झाड कापले व लाकडाचे दोन बाक शाळेस करून दिले. ते आजही आमच्या कार्यालयात आहेत. परंतु झाड कापून मूळ तसेच ठेवले तर ते कुजते व आत पोकळी करते, तेव्हा पाणी उतरलेले असताना मूळ खणून काढून ती जागा थराथराने ठोकून भरावी लागते, हा पुढचा अर्धा भाग आम्ही वाचला नव्हता. आम्ही तीस वर्षे मुलांना धडा शेवटपर्यंत वाचावयास सांगत आलो आहोत.

सांडवा अडविण्याचा मोह मात्र फार जुना व फार व्यापक आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया प्रांतात साउथ फोर्क नावाचे एक मातीचे धरण होते. १८७९ साली ते श्रीमंत मंडळींच्या एका क्लबाने विहारासाठी विकत घेतले. तळातून पाणी सोडण्याचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा बसविले नाहीत. बग्ग्या जाव्यात म्हणून बांधाचा माथा कापून खाली आणला. आणि विकत आणून सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टी झाली, जाळ्यांत ओंडके व पालापाचोळा अडकला, पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि बांध गेला. खाली जॉन्स्टाउन शहरात २,२०९ माणसे मेली. मातीच्या बांधावरून पाणी वाहणे हा त्याचा अंतच होय, कारण वाहते पाणी बाहेरील अंगाची माती काही तासांत कापून नेते. २००६ च्या मार्च महिन्यात हवाई बेटांत का लोको हा खाजगी मातीचा बांध फुटून सात माणसे दगावली, तेथेही सांडवा बुजविला गेल्याचाच आरोप मालकावर झाला. एवढ्या लांबची उदाहरणे देण्याचे कारण असे की, आमच्या ठेकेदाराची जाळी पाहून आम्ही त्याला अडाणी म्हटले होते. शिकलेल्या धनवंतांनी तेच केले होते.

दुरुस्तीचा प्रश्न निघाला तेव्हा नाना एकदा चिडून म्हणाले, “गुरुजी, खाली माणसे राहतात, शाळा आहे, मग ही काळजी सरकारने नको का घ्यायला?” प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. आपल्या देशात २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला व त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरपासून तो अमलात आला. परंतु तो १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा इत्यादी काही अटींत बसणाऱ्यांना लागू आहे. नानांचा बांध सहा मीटरांचा. त्या कायद्याच्या तपासणीची पायरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे त्याची तपासणी मालकाने केली तरच व्हावयाची.

आणि कायद्याची पायरी पोहोचत नाही म्हणून जबाबदारी संपते असेही नाही. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाच्या तळ्याचे पाणी जुन्या खाणींच्या वाटेने शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. राइलंड्ज विरुद्ध फ्लेचर या नावाच्या त्या खटल्यात १८६८ साली उमराव सभेने निर्णय दिला की, निसटल्यास अपाय करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीत आणून साठवितो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर ठेवावी. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८७४ साली, मद्रास इलाख्यातील कार्वेटनगरच्या जमीनदाराची जुनी तळी फुटून रेल्वेमार्ग वाहून गेल्याचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. तेथे जमीनदार सुटला. ही तळी पूर्वापार असून शेतीसाठी अत्यावश्यक आहेत, ती राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे, ती टाकून देण्याची त्याला मुभा नाही, म्हणून निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येणार नाही, असे कौन्सिलने म्हटले. हा निकाल आम्ही नानांना वाचून दाखविला. त्यांना आधी तो आपल्या बाजूचा वाटला. थोड्या वेळाने ते म्हणाले, “म्हणजे नीट राखले म्हणून सुटला.” आम्ही म्हणालो, “होय, आणि आपला सांडवा बंद होता.”

दुरुस्तीला पैसे लागणार होते व खसऱ्यात पाच नावे होती. नानांनी चौघा भावंडांना पत्रे लिहिली. एकाने, माझा हिस्सा विकून टाका, असे कळविले. एकीने, त्या तळ्याचा मला आजवर एक पैसा मिळालेला नाही, असे लिहिले. तेही खरे होते. एकाचे उत्तर आजतागायत आलेले नाही. पुण्याच्या बंधूंनी मात्र पत्राबरोबरच पैसे पाठविले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा ते सात वर्षांचे होते आणि आजीच्या कडेवरून त्यांनी पुण्याच्या पेठेत पाणी चढताना पाहिले होते. पत्रात त्यांनी हिशेब विचारला नव्हता. खाली किती घरे आहेत, एवढेच विचारले होते. उरलेली रक्कम नानांनी घातली, ठेकेदाराची भरपाईही त्यांनीच दिली, आणि गावाने श्रम दिले.

काम साधेच झाले. बुंधा व मुळ्या काढून ती जागा अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी, पाणी मारून व ठोकून भरली. पायथ्याशी वाळू-गिट्टीचा कायमचा थर देऊन झऱ्याचे पाणी एका दगडी कुंडीत आणून सोडले. बायका पाणी तेथेच भरतात. मोरीला नवी झडप बसविली. सांडव्याच्या तळाशी सिमेंटचा पट्टा करून त्यावर रेघ मारली आणि त्या रेघेवर काहीही बांधावयाचे नाही, हे ठेक्याच्या कागदात लिहून घेतले.

आता वाचकांनी आपल्या बांधावर गेल्यावर काय पाहावे, ते सांगतो. प्रथम माथ्यावरून चालावे. माथा कोठे खचला आहे काय? बसलेल्या जागेवरूनच पाणी पहिल्यांदा ओसंडते. भेगा पाहाव्यात. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसून फाटते. बांधाला आडवी छेदून जाणारी भेग पाण्याला सरळ वाट देते, तर लांबीच्या दिशेने गेलेली कमानदार भेग म्हणजे बांधाचे अंग घसरू लागल्याची खूण. घूस, साळिंदर, खेकडे यांची बिळे पाहावीत. तिवरे येथील सरकारी धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून सुमारे वीस माणसे गेली, तेव्हा खेकड्यांवर ठपका ठेवला गेला आणि त्याचे पुष्कळ हसे झाले. बिळे खरीच वाईट. पण बीळ एका रात्रीत होत नाही आणि तेथील गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. मग बांधाच्या खालच्या अंगाला जावे. नळ किंवा मोरी जेथून बाहेर येते तेथे नळाच्या बाजूने पाणी येते काय, भर उन्हात एखादा गवताचा पट्टा हिरवागार आहे काय, पाझराचे पाणी स्वच्छ आहे काय, धार कालच्याइतकीच आहे काय, हे पाहावे. शेवटी सांडवा. त्यात झुडूप, कचरा, जाळी, फळी, काहीही असता कामा नये. पावसाळ्यात अशी फेरी आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर व्हावी. बांधाच्या खाली राहणाऱ्या घरांचे दूरध्वनी क्रमांक मालकापाशी व मालकाचे त्यांच्यापाशी असावेत. शंका आली तर पाझर बुजवू नये. पाणी उतरवावे, खालची माणसे हलवावीत आणि जाणत्याला बोलवावे.

स्वतः दूर राहणाऱ्यांना हे कसे जमावे? त्यांनी गावातल्या एका माणसाला हे काम नेमून द्यावे व त्याचा मेहनताना द्यावा. पूर्व विदर्भातील भंडारा-गोंदियाकडे मालगुजारांची अशी हजारो तळी होती. १९५० नंतर मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली, आणि ज्यांना रोज बांधावर जाण्याची सवय होती त्यांचा हात त्यांवरून निघाला. पुढे कित्येक तळी गाळाने भरली. मालक सरकार असो, पाच भावंडे असोत किंवा एकटा शेतकरी असो, बांधाला त्याने फरक पडत नाही. रोज त्याच्याकडे पाहणारे माणूस आहे किंवा नाही, याने फरक पडतो.

आमच्या शाळेत तेव्हापासून एक वही ठेवलेली आहे. दर शनिवारी वरच्या वर्गातील दोन मुले एका शिक्षकाबरोबर बांधावर जातात. पाण्यात रोवलेल्या रंगविलेल्या काठीवरचा आकडा लिहितात, कुंडीच्या धारेखाली दहा लिटरची बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते मोजतात आणि पाण्याचा रंग नोंदवितात. चहासारख्या पाण्याची बातमी आणणारी ती मुलगी आता आमच्या शाळेतून पुढे गेली. पहिल्या वर्षाच्या बऱ्याच नोंदी तिच्या हातच्या आहेत. बहुतेक पानांवर ‘स्वच्छ, मागील आठवड्याइतकीच’ एवढेच शब्द आहेत. निरीक्षणास आलेले एक अधिकारी वही चाळून म्हणाले, यात विशेष असे काहीच नाही. आम्ही म्हणालो, नसावे म्हणूनच ठेवली आहे.

नाना आता थकले आहेत. तरी मोठा पाऊस झाला की काठी टेकत बांधापर्यंत येतात, सांडव्यातल्या रेघेकडे पाहतात आणि परत जातात. आमच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला आहे. जाताना पुढील मुख्याध्यापकांच्या हाती दाखल-खारीज नोंदवही व रोजकीर्द देताना ही वहीही यादीत लिहून द्यावयाची, असे आम्ही ठरविले आहे.